घराण्याचं पातं

“आधी तो कोट उतरव,” मार्तोसुवितो म्हणाले. “मग बोलू.”

रुमिनिंगसिहने उघडं राहिलेलं गळ्याचं बटणही लावून टाकलं.

ओसरीवर सगळं घराणं चटया टाकून बसलं होतं. सुरो या जावानी महिन्यात घराण्याच्या केरिसला, त्या नागमोडी कट्यारीला, अंघोळ घालायची आणि मग सगळ्यांनी एकत्र जेवायचं, हा त्यांचा रिवाज. स्नान आटोपलं होतं. पिवळ्या भाताची रास अजून मोडायची होती. नेमक्या त्याच वेळी ही बया योग्यकर्ताच्या उद्याच्या फॅशन शोसाठी शिवलेला बातिकचा लांब कोट घालून दारात उभी राहिली.

कोटाच्या बाह्यांवर केरिसच्या म्यानावरची वेल होती. म्यान सगळ्यांनीच पाहिलेलं, त्यामुळे ती ओळखायला वेळ लागला नाही. मग ती वळली आणि पाठ दिसली. मानेपासून पोटऱ्यांपर्यंत गर्द निळ्या रंगावर तपकिरी पातं, वळणं घेत उतरलेलं. पोलादातली नक्षी बारीक ठिपक्यांनी भरलेली.

“अरे, बाह्यांवर आपली वेल, म्हणजे हे तर आपलं पातं!” प्रासोजो ओरडला. हा मार्तोसुवितोंचा मुलगा, केरिसचा पुढचा वारस.

ते पातं मार्तोसुवितोंखेरीज हयात माणसांपैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. पांढऱ्या पडद्याआड, लिंबू आणि फुलांच्या पाण्याने, ते एकटेच त्याला न्हाऊ घालत. त्यांच्या आधी त्यांचे वडीलही तसेच. बाकीच्यांच्या वाट्याला उरलेलं पाणी. ते बाटल्यांत भरून नेत, शेतात शिंपडत, तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळाला लावत.

“म्यान उघडलंस तू?” मार्तोसुवितोंनी विचारलं.

“उघडलं, पाकदे. गेल्या सुरोत, तुम्ही नमाजाला गेला होतात तेव्हा. नाकारत नाही मी.”

थोरल्या काकांना ती इतरांसारखंच पाकदे म्हणे. त्यांची बायको, बुदे म्हणजे थोरली काकू सुहार्ती, तोंडावर हात दाबून बसली.

“वा!” प्रासोजो म्हणाला. “म्हणजे उद्या शहरातल्या बायका आमच्या पूर्वजांना पाठीवर घेऊन मिरवणार. खुर्चीत बसल्या की त्यांच्यावरच बसणार! आम्ही काय तोंड दाखवायचं लोकांना?”

“आहे तेच दाखव. दुसरं कुठून आणणार?”

कोपऱ्यात कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं.

“केरिस मुलांना आणि मेणाची लेखणी मुलींना, ही वाटणी तुमचीच ना?” रुमिनिंगसिहचा आवाज चढला. “मी कधी कुरकुर केली? वर्षभर या कापडावर गरम मेण ओढलंय. बोटं माझी पोळलीत. मग लेखणी माझी, तिच्यातून काय काढायचं तेही मीच ठरवणार. म्यानं, मुखवटे, गाँगवरची नक्षी, सगळं काढणार. पेटीत कुजवत ठेवण्यापेक्षा लोकांच्या अंगावर तरी शोभेल.”

तिला भीती होतीच, पण संताप तिच्याहून मोठा होता.

“चूल पेटलेली आहे,” मार्तोसुवितो थंडपणे म्हणाले. “कोट तिच्यात घाल. नाहीतर या उंबऱ्यात पुन्हा पाऊल टाकू नकोस. तुला कोणी नाही आणि तू आमची कोणी नाहीस.”

“जाळायचा तर माझ्यासकट जाळा.” ती त्यांच्यासमोर गेली आणि पाठ करून उभी राहिली. “पण आधी नीट बघा. खरं पातं काय ते तुम्हालाच ठाऊक. एक जरी वळण चुकलं असलं तरी सांगा. मी माझ्या हाताने चुलीत टाकते.”

हा उद्धटपणा ऐकून सगळे गार झाले. मार्तोसुवितो उठले. सावकाश तिच्या मागे आले. त्यांचं बोट कापडाजवळ जाऊन थांबलं.

“काय पाहिलंस, पोरी?” त्यांनी तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू विचारलं.

“होतं ते,” ती मान न वळवता तितक्याच हळू म्हणाली.

“बाबा, चुकलंय ना?” प्रासोजोला धीर धरवेना. “सांगा की!”

मार्तोसुवितोंनी कापडाला न लावता बोट पात्याच्या वळणांवरून खालपर्यंत फिरवलं. मग त्यांनी घसा खाकरला.

“नाही,” ते म्हणाले. “वळण न् वळण तेच आहे. ठिपका न् ठिपका. पात्याची मर्जी नसती तर हिचा हात वाकडा झाला असता. मर्जी आहे त्याची. जाऊ दे तिला उद्या.”

मग जे झालं ते तिलाही अपेक्षित नव्हतं. बुदे सुहार्ती फुलांच्या पाण्याचं भांडं घेऊन पुढे आली, कोटाच्या काठावर पाणी शिंपडून ओली बोटं तिने डोळ्यांना लावली. या घरात चाळीसेक वर्षं काढून तिने पातं पहिल्यांदा बघितलं होतं. तिच्या मागे बाकीचे उठले. म्हातारे रडले. प्रासोजोही पुटपुटत रांगेत उभा राहिला आणि त्याची पाळी आली तेव्हा त्याने मुकाट्याने मान लववली. मार्तोसुवितो मात्र भिंतीकडे तोंड करून बसले होते.

रुमिनिंगसिह ताठ उभी राहिली. तिने सगळ्यांना डोळे भरून बघू दिलं. गेल्या सुरोत तिने मूठ धरून म्यानातून पातं उपसलं तेव्हा हातात आली होती एक बांबूची कामटी, लिंबाने घासून घासून पांढरी पडलेली.