मागच्या सीटवरचं ओझं

गाडीची मागची बाजू बसली ती बसलीच. मागच्या फुग्यांत हवा भरून गाडी उचलून धरणारा पंप एकसारखा घरघरत होता, स्टिअरिंगपलीकडचा पिवळा दिवा विझायला तयार नव्हता. बुआचनने गाडी कशीबशी गॅरेजच्या पत्र्याखाली आणली.

थोंगदीकाका हात पुसत आले. खाली वाकून मागची चाकं बघितली.

“मागे काय कोंबलंय, ताई? बागेतली फळं?”

“काही नाही, काका. रिकामी आहे.” मग ती मान वळवून मागच्या सीटला म्हणाली, “जरा थांबलोय हं. गाडी दाखवायचीय. उतरू नका, घर आलं नाही अजून.”

काकांनी काचेतून पाहिलं. सीटवर मासे धरायची बांबूची जाळी होती. जाळीत घडी घातलेला पुरुषाचा सदरा, चिकट भाताचा गोळा, उकडलेलं अंडं. शेजारी एक फोटो. काकांनी हात जोडले.

“मालक?”

“हो. त्या मागच्या वळणावर. ट्रकनं उडवलं. आज भंतेजींना नेऊन त्यांच्या आत्म्याला तिथून या जाळीत बोलावून घेतलं. आता घरी नेतेय.”

“इकडे कुठे आले होते?”

“रस्ता चुकले असणार. मित्राची मोटरसायकल घेऊन फयाओला खत आणायला निघाले होते. रस्ते कधी लक्षातच राहायचे नाहीत हो त्यांच्या. खत आणायला जायचे आणि दिवस मावळल्यावर उगवायचे. म्हणून तर आज प्रत्येक वळण सांगत आणतेय.” ती किंचित हसली. “चपलासुद्धा मिळाल्या नाहीत. अनवाणीच सापडले. उजव्या चपलेचा अंगठा मी निळ्या दोऱ्यानं शिवून दिला होता. शवपेटीत ठेवायच्या होत्या, म्हणून वळणाखालचं सगळं खाचर चाळलं.”

काका गाडीच्या पुढच्या बाजूला गेले. त्यांनी बॉनेट उघडलं.

खामपानकाकू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. “बसा ताई. भात खाऊन घ्या, यांचं काही लवकर आटपायचं नाही.”

“आज उपोसथ, काकू. दुपार उलटली, आता खायचं नसतं. पाणी चालेल.”

पाणी देताना काकूंची नजर काचेतून सीटवरच्या फोटोवर गेली. तांब्या तिरका झाला, बुआचनच्या पायावर पाणी सांडलं.

“हे तुमचे?”

“हो. सिंगखाम.”

“बरं,” काकू म्हणाल्या आणि तांब्या घेऊन आत गेल्या.

काकांनी फ्यूज काढून पाहिला, शाबूत होता. पंप चालू-बंद करणारा रिले बदलला, तरी पंप चालूच. पंपाला बॅटरीचा करंट पुरेपूर मिळत होता. मागच्या हवेच्या फुग्यांवर त्यांनी साबणाचं पाणी फासलं, एक बुडबुडा उठला नाही. मग गाडीखाली झोपून उंची मोजणाऱ्या सेन्सरची दांडी सोडवली आणि बोटानं वरखाली केली. वर केली की पंप थांबे, खाली केली की सुरू.

“अजून सापडलं नाही?” आतून काकूंचा आवाज आला. “तुम्हाला तर आपल्या घरातला पंखा दुरुस्त होत नाही.”

“पंखा तुझ्या माहेरचा आहे. तो माझं ऐकेल कशाला?”

बुआचन बाकावर जपमाळ धरून बसली होती. मणी पुढे सरकत नव्हते.

“काका, तिथे उदबत्ती दोनदा विझली,” ती हळूच म्हणाली. “भंतेजी म्हणाले, मन कुठे अडकलं असेल तर माणूस येत नाही. त्या सकाळी मी त्यांच्याशी धड बोललेही नव्हते. आले नसतील तर? मी नुसता सदराच घेऊन चाललेय का हो?”

काकांनी फुग्यांच्या नळीला हवेचं मीटर लावलं. काटा बघितला. मीटर काढलं, पुसलं, परत लावलं. मग ते उठून तिच्यासमोर उकिडवे बसले.

“ताई, हवा गळत असती तर काटा खाली आला असता. इथे फुगे ठासून भरलेत. वायर ठीक, सेन्सर ठीक. गाडीत बिघाड काहीच नाही.” त्यांनी मागच्या सीटकडे पाहिलं. “मागे ओझं आहे, तेवढंच ती सांगतेय.”

बुआचनने खांद्यावरच्या उपरण्याचं टोक तोंडाशी धरलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती रडली.

“आतल्या गावातून जा,” काका म्हणाले. “मोठा रस्ता पुलापाशी खोदलाय. गाडी खालून घासेल.”

“घासू दे घासली तर!” काकू दारात येऊन उभ्या होत्या. “ताई, मोठ्या रस्त्यानंच जा. वेळ लागू दे.”

“अगं, तो रस्ता आहे का आता?”

“मी सांगतेय ना.”

“नको काकू,” बुआचन डोळे पुसत म्हणाली. “त्यांना धक्के बसायला नकोत.”

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग आतल्या गावाच्या रस्त्याकडे, मग जमिनीकडे.

आतला रस्ता अरुंद होता, दोन्ही बाजूंना केळी. बुआचन सावकाश चालवत होती. आता तिच्या आवाजात भीती नव्हती.

“कालवा ओलांडतोय हं. या बरोबर... आता डावीकडे वळायचं... हे देऊळ लक्षात ठेवा, नाहीतर परत चुकाल.”

देवळापुढच्या वळणावर पंप गप्प झाला. पिवळा दिवा विझला. गाडीची मागची बाजू एकदम वर उचलली गेली. मग हवेचा लांब सुस्कारा आला आणि गाडी अलगद सपाट झाली.

“अगंबाई, सुधारली की हो!” ती हसून मागे वळली.

सदरा होता. फोटो होता.

तिने गाडी थांबवली. रस्त्याकडेला एक लहानसं लाकडी घर होतं, दार सताड उघडं. उंबऱ्यावर भाताचं ताट वाढलेलं आणि त्यापुढे एकच उदबत्ती, वारा असूनही सरळ जळत होती.

खालच्या पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून, पुरुषाच्या चपला नीट लावून ठेवल्या होत्या. उजवीचा अंगठा निळ्या दोऱ्यानं शिवलेला होता.