पानाला कावळा शिवेना

पावसाची झड थांबायचं नाव घेईना, आणि पानाला शिवायला एक कावळा येईल तर शपथ! चौबे कॉलनीतल्या त्या घराच्या मागच्या पडवीत, पत्र्याखाली, यशवंतरावांच्या श्राद्धाचं पान कधीचं मांडलेलं होतं. खीर, वडे, कढी सगळं गार झालं. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही, ही त्यांची अमरावतीकडची रीत. रायपूरला दोन पिढ्या निघाल्या तरी ती सुटली नव्हती.

"आई, मले ऑफिसले जायचं आहे," नीलेश म्हणाला. तो नवा रायपूरला मंत्रालयात होता, राहायलाही तिकडेच.

"मंग जाय. बाप राहीन उपाशी," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

नीलेश परत खाली बसला. पोरगा वाईट नव्हता, उगाच खोटं कशाला बोला? वडील गेल्यापासून आई एकटी. या पावसाळ्यात ती अंगणातल्या शेवाळावर घसरून पडली, तेव्हापासून त्याला धड झोप नव्हती. पितृपक्ष संपला की आईला आपल्या फ्लॅटवर न्यायचं आणि या घराला कुलूप लावायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. आईला विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं, ऐकलं नव्हतं.

मंदाकिनीबाईंना तिकडे जायचंच नव्हतं. तिथले रस्ते एवढे रुंद, की समोरच्या बाईशी बोलायचं तर रिक्षा करावी लागेल. आणि काळ्याचं काय?

काळ्या म्हणजे त्यांचा कावळा. आषाढात तो पंख मोडून नालीत पडलेला सापडला. जनावरांच्या डॉक्टरने पट्टी बांधली आणि बजावलं, "याला भिजू देऊ नका आणि उड्या मारू देऊ नका." मंदाकिनीबाईंनी उन्हाळ्यानंतर रिकाम्या पडलेल्या कूलरच्या पेटीत त्याला गवत अंथरलं, बल्बची ऊब दिली, यशवंतरावांच्या जुन्या धोतराने रोज त्याचे पंख टिपले. खाण्यावर झडप घालू नये म्हणून शिस्तही लावली. वाटी ठेवली की काठीने दोनदा ठकठक, मग जेवण. बाई जन्मभर शाळेत शिकवत होत्या. त्यांची छडी टेबलावर वाजल्याशिवाय पोट्टे डबे उघडत नसत, तिथे कावळ्याची काय बिशाद! पंख मात्र जुळला नाही. काळ्या फुदकायचा, उडायचा नाही.

नीलेशच्या सोसायटीत कावळा चालणार नव्हता.

"सोडून देऊ त्याले," तो म्हणाला होता.

"या झडीत? मरन तो."

"आई, कावळा आहे तो."

मंदाकिनीबाई उठून आत गेल्या. रडल्या, पण न्हाणीघरात जाऊन.

आणि आज सुनेला, रूपालीलाच, काळ्याची आठवण झाली. ती इथलीच, मराठी सगळं समजायची, उत्तर हिंदीत द्यायची. "मम्मीजी, अपना काळ्या है ना! उसी को लाते हैं."

"काहीतरीच! पाळलेलं पाखरू शिवलं तं त्याले काही अर्थ आहे का?"

नीलेशने गुरुजींना फोन लावला. गुरुजी खो-खो हसले. "अहो, कावळा तो कावळाच. पाळला म्हणून त्याचा पोपट होते का?"

"गुरुजी म्हणतात तं आणा बापा," मंदाकिनीबाईंनी सुस्कारा टाकला.

रूपालीने काळ्याला उचलून पानापुढे ठेवलं. "मम्मीजी ने सुबह से कुछ दिया भी नहीं है, झट से खाएगा देखना."

काळ्याने पानाकडे पाहिलं, मान तिरपी केली आणि बसून राहिला.

नीलेशचा चेहरा उतरला. त्याने हात जोडले. "बाबा, काही चुकलं का? पुढच्या साली गयेले जाऊन पिंड देतो."

काळ्या हलेना.

रूपालीने डोक्यावर पदर घेतला. "बाबूजी, मम्मीजी को वहाँ कोई तकलीफ नहीं होने दूँगी."

काळ्याने चोच पंखात खुपसली. सकाळपासून उपाशी पाखरू, समोर वडा, आणि खात नाही म्हणजे काय! रूपालीच्या अंगावर काटा आला.

"त्यायची काही इच्छा राहिली असन," मंदाकिनीबाई हळूच म्हणाल्या. काठीवर दोन्ही हात ठेवून त्या नवऱ्याच्या फोटोकडे पाहत होत्या. "हे घर त्यायनं कसं बांधलं, तुले तं माहीत आहे."

नीलेशला माहीत होतं. सुट्टीच्या दिवशी बापाबरोबर त्याने स्वतः विटांना पाणी मारलं होतं. त्याचा बांध फुटला.

"बाबा, घराले कुलूप नाही लावत. आई इथंच राहीन. आम्हीच येतो इकडं राहाले. काळ्याही राहीन." डोळे मिटून त्याने जमिनीला डोकं टेकवलं. त्याच्या शेजारी रूपालीही वाकली.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मंदाकिनीबाईंनी काठीचं टोक फरशीवर हळूच दोनदा वाजवलं, आणि काळ्याने वडा उचलला.