घराण्याचं नाव

ॲप उघडलं आणि उघडल्याक्षणी बंद पडलं. दीपिकाने पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा तेच.

मालवणच्या मच्छीमार सोसायटीबाहेर मंडप सजला होता. तासाभरात मत्स्य खात्याचे साहेब येणार होते आणि मासळीची पहिली ऑर्डर ॲपवरून जाणार होती. जवळच्या कट्टा गावच्या दीपिकाचं ॲप बनवण्याचं हे पहिलंच काम. इथे नाचक्की झाली, तर दुसरं कोण देणार?

बिघाड कुठे आहे हे तिला ठाऊक होतं. तो शेजारीच खुर्चीत बसला होता. परशुराम, सोसायटीचे नवे चेअरमन. जुन्या चेअरमनना, सहदेवांना, निवडणुकीत पाडल्यापासून त्यांनी फलक बदलला, शिक्के बदलले, सहदेवांच्या काळातला पंखासुद्धा माळ्यावर टाकला. काल कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, की सहदेवांच्या काळात सुरू झालेल्या या ॲपच्या फाइलीत वरच त्यांचं नाव आहे. ती ओळ ना मासे विकणारीला दिसते, ना गिऱ्हाइकाला. पण परशुरामांची झोप उडाली. सकाळी समोर बसून त्यांनी तिथे आपलं नाव घालून घेतलं.

“काका, वरचा नाव म्हणजे घराण्याचा नाव,” दीपिका म्हणाली. “खाली अकरा पडद्यांचे अकरा क्लास, म्हणजे कोडचे तुकडे, आसत. त्यांची नावा मी टिंब देऊन अर्धीच लिवलंय. टिंब दिसला की फोन आधी घराण्याचा नाव लावता. आता तो सगळ्यांका तुमच्या घरात शोधता. आणि ते आसत सहदेवकाकांच्या घरात.”

“मगे हाड, घेवन ये त्यांका माझ्या घरात!”

“दोन दिवस लागतले.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. साहेब वेळेआधीच आले. परशुराम खुर्चीतून ताडकन उठले.

“दुसरो उपाय सांग गो.”

“आसा एक. वर तुमचा नाव ऱ्हवांदे. खाली टिंब काढून प्रत्येक क्लासचा पूर्ण नाव लिवतंय, घराण्यासकट. पाच मिनिटांत चालू.”

“मगे लिव! बघतंस काय?”

“काका, पूर्ण नाव म्हणजे सहदेवकाकांचा नाव. आधी एकदा होता. आता अकरा वेळा येतला.”

परशुरामांनी खिडकीतून पाहिलं. साहेबांच्या गळ्यात पहिला हार घालायला सहदेवच पुढे सरसावले होते. परशुराम दार लोटून घेत दीपिकाच्या कानाशी वाकले.

“लिव,” ते म्हणाले. “पण बारीक अक्षरात.”