खुला गट

"मान काहून खाली घालतीस? समोर बघून बोल," आबा म्हणाले. "पंडितरावांसमोर असंच करणार हायस का?"

धनश्रीनं मान वर केली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. गटात कोणती गावं, कुठल्या गावाला अजून रस्ता नाही, गोदाकाठच्या कुठल्या वस्तीवर उन्हाळ्यात टँकर लागतो. आबा डोळे मिटून ऐकत होते.

"आता जमलं," ते म्हणाले. "असंच बोलायचं."

आबा म्हणजे तिचे आजोबा, भारतराव. जिल्हा परिषदेत त्यांनी कितीतरी वर्षं काढली होती. त्यांच्यामागं निवडणुकीला तिचे वडील उभे राहायचे होते, पण गेवराईजवळ हायवेवर अपघात झाला आणि ते गेले. धनश्री तेव्हा पाचवीत होती, तिचा भाऊ अमरसिंह तिसरीत. वर्षाच्या आत आबांनी तिला दूर डोंगरातल्या इंग्रजी शाळेत नेऊन ठेवलं. मंत्र्यांची, कारखानदारांची मुलं तिथं शिकायला असत. अमरसिंह मात्र गावातल्याच शाळेत राहिला. पोराला सोडून पोरीला एवढी मोठी शाळा कशाला, असं लोक विचारत.

"मोठ्या माणसांत उठायबसायचं हाय तिला," आबा सांगायचे.

त्या शाळेत पहिलं वर्षभर ती रडली. धुक्यात उभी राहून ती गावचं ऊन आठवायची. दर रविवारी आईचा, सत्यशीलाचा फोन यायचा. घरी यायचंय असं धनश्री म्हणाली, की आई समजूत घालायची.

"मला काय तुझ्याबगर करमतंय का? पण आबांनी तुला निवडलंय, बाई. माझं राहिलं ते तुझ्या हातनं होऊ दे."

आई पाच वर्षं सरपंच होती. जागा बायकांसाठी राखीव निघाली तेव्हा आबांनी तिला उभं केलं होतं. खुर्चीत आबाच बसायचे. आईनं ती खुर्ची फक्त झेंडावंदनाच्या दिवशी, ऑफिस झाडून झाल्यावर, दारातून पाहिली होती. हे तिनं एकदाच, हसत हसत सांगितलं होतं. धनश्री ते कधी विसरली नाही. शाळेत वादविवादात बक्षीस मिळो की तिला हाउस कॅप्टन करोत, टाळ्या वाजत असताना तिच्या डोळ्यांपुढं ती खुर्चीच यायची. आपण एक दिवस परत जाऊ, तशा खुर्चीत बसू आणि आईला शेजारी बसवू.

पुण्यात एम.ए. करून ती गेल्या वर्षी परत आली. आबांनी जीप दिली. ती वाड्यावस्त्यांवर फिरू लागली. सुरुवातीला लोक तिला मॅडम म्हणायचे. मेंढ्या राखणारी बायनाबाई तर तोंडावरच म्हणाली, "तुजं बोलणं टीव्हीतल्या बाईवाणी हाय. आमाला तुजं कायबी कळत न्हाई."

मग वाळू वाहणाऱ्या हायवा ट्रकांनी वस्तीचा रस्ता पार उखडला. मुलांना शाळेत जाता येईना. धनश्री बायनाबाईला आणि पंधरावीस बायकांना घेऊन रस्त्यात बसली. ड्रायव्हरनं शिव्या दिल्या, इंजिन चालू ठेवून गाडी अंगावर घातल्यासारखी केली. ती उठली नाही. तहसीलदार येईपर्यंत बायकाही उठल्या नाहीत. त्या दिवसापासून ती सगळ्यांची धनाताई झाली. आपण वस्तीवर बोलताना 'हाय' आणि 'न्हाई' म्हणू लागलो, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

या वेळी जिल्हा परिषदेचा गट खुला सुटला. बाईच पाहिजे असं काही नव्हतं, कुणीही उभं राहू शकत होतं.

"ताई, लोक तुलाच मागत्यात," अमरसिंह एकदा जेवताना म्हणाला. "समद्या पारावर तुजंच नाव हाय."

तिला ते ऐकून भरून आलं.

पक्षाची तिकिटं पंडितरावांच्या हातात होती. ठरल्या दिवशी ते आले. सोबत त्यांच्या पत्नी सुंदरबाई होत्या, त्या पक्षाची महिला आघाडी सांभाळायच्या. धनश्री खुर्चीवर ताठ बसली. पंडितरावांनी एकेका गावाचं विचारलं. तिनं समोर बघून उत्तरं दिली.

"आणि कुणी अंगावर गाडी घातली तर?" त्यांनी हसून विचारलं. रस्त्याची गोष्ट त्यांच्या कानावर आली होती.

"तेव्हा बसले होते, पुन्हाही बसेन."

सुंदरबाईंनी तिचा हात हातात घेतला. "घरापासून लांब राहायची सवय आहे ना, बाळ?"

"लहानपणापासून आहे, काकी. पण आता गाव सोडवत नाही."

"होतं तसं," सुंदरबाई म्हणाल्या.

पंडितरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "भारतराव, तुम्ही पोरीला शिकवलंत त्याचं चीज झालं. अशी माणसं आता मिळत नाहीत. गटाचं तिकीट या वेळीही तुमच्याच घरात."

दारात उभ्या असलेल्या सत्यशीलानं पदर तोंडाला लावला. धनश्रीनं आईकडं पाहिलं. मग उठून आबांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मग पक्कं ना, साहेब?" आबांनी विचारलं.

"पक्कं. सोमवारी अमरसिंहचा अर्ज भरून टाका," पंडितराव म्हणाले, "आणि आमच्या धाकट्यासाठी मुलगी पसंत."