फोटोतली नॉर्टन

दिनकररावांनी लग्नाआधी मालतीबाईंना एक फोटो दाखवला होता: मोटारसायकलवर रुबाबात बसलेले ते स्वतः. “माझी नॉर्टन! काश्मीरपर्यंत पिटाळलीय.” ही थाप पन्नास वर्षं बिनबोभाट चालली. मग २००४ साली, “लग्नाच्या वाढदिवसाला तश्शीच गाडी घेऊन देते तुम्हाला, चला,” म्हणत मालतीबाईंनी त्यांना लंडनमधल्या इल्फर्डला गिडियनकडे नेलं. गिडियन मूळचे भायखळ्याचे, जुन्या गाड्यांचे पक्के जाणकार. त्यांचं भिंग फोटोतल्या टाकीवरून इंजिनाकडे सरकलं, तसे दिनकरराव खुर्चीतून अर्धवट उठले. गाडी होती भायखळ्याच्या फोटो स्टुडिओतली, अख्खी प्लायवुडची! भिंग चाकापाशी थबकलं. “चेन कुठाय हिची?” गिडियन पुटपुटले. मग त्यांनी दिनकररावांचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि भिंग खिशात टाकलं. “नॉर्टनच, वहिनी. फार दुर्मीळ. लहानपणी मीही बसलोय हिच्यावर.” “ठाऊक आहे,” मालतीबाई म्हणाल्या. “शेजारच्या पुठ्ठ्याच्या विमानात मी बसले होते.”