शाळा सुटल्यावर

नेरूळमधल्या महापालिकेच्या तीन शाळा उत्कर्षाने एका सकाळी पालथ्या घातल्या. पहिलीत वर्गावर्गात मोठा स्क्रीन होता, दुसरीत नवं मैदान. लेक हरखून गेली. उत्कर्षा मात्र एवढंच विचारायची, "शाळा सुटल्यावर मुलीला कुणाच्या हाती देता?"

"आईबाबांच्याच. दुसऱ्या कुणाच्या नाही," दोन्हीकडे ठसक्यात सांगितलं. ती लेकीचा हात धरून बाहेर पडली.

तिसऱ्या शाळेच्या भिंतींचा रंग उडाला होता. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगाल त्याच्याच हाती."

"आणि तिचे बाबा आले तर?"

बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "तरी आधी तुम्हाला फोन करू."

उत्कर्षाने तिथेच प्रवेशाचा अर्ज भरून दिला. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"भावाकडं जाऊन बसलीस ते बसलीस. पोरीला कुठल्या शाळेत घातलंस, तेवढं तरी सांग."

तिने पहिल्या शाळेचं नाव सांगितलं. "नाही गं आई, ती नाही," असं लेक म्हणणार, तोच उत्कर्षाने तिच्या तोंडावर हात दाबून धरला.