सहीपुरता शब्द

“लॅप्स म्हंजे काय वं, नीलम?”

देवमनने टाइप केलेला कागद पोरीपुढे सरकवला. नीलम अमरावतीत कोचिंग क्लासला इंग्रजी शिकवायची. शब्द दिसला की अर्थ आणि अर्थामागून उदाहरण, ही तिची सवयच.

“चूक, बाबा. पण मुद्दाम केलेली नाही. लक्ष नसलं की होते ती. आई परवा वरणात मीठ टाकाले विसरली, तो लॅप्स. मी चाबी गाडीलेच ठेवून आली, तो बी लॅप्स.”

“एवढुसा असते का तो?”

“एवढुसाच. मोठ्या चुकीले दुसरे शब्द आहेत.”

देवमनने मान हलवली. नऊ दिवस झाले, त्याला धड काही वाटतच नव्हतं. भूक नाही, रडू नाही. हातातला चहाचा कप चटका देत होता, तोही त्याला लागत नव्हता. भातकुलीकडच्या वीज उपकेंद्रात तो सत्तावीस वर्षं ऑपरेटर होता. त्या दिवशी लाइनमन साजिदने खांबावर चढण्याआधी उपकेंद्राच्या फोनवर विचारलं, “देवमनभाऊ, लाइन बंद केली ना?” देवमन म्हणाला, “हो, चढ.” लाइन बंद होती, पण शेजारची. साजिदला खाली उतरवलं तेव्हा सगळं संपलं होतं.

उद्या अकोल्याला चौकशी होती. साहेबांनी त्याचा जबाब इंग्रजीत तयार करून दिला होता. “तू फक्त सही ठोक, बाकी मी पाहतो,” म्हणाले. साहेब लोकांचं बरं असतं, हात झटकायला त्यांना भाषासुद्धा वेगळी मिळते! देवमनचं इंग्रजी उपकेंद्रातल्या फीडरच्या पाट्यांपुरतं.

नीलम पुढं वाचत गेली आणि तिचा आवाज चढला.

“बाबा, हा लॅप्स तुमचा नाही लिहेल. साजिदकाकाचा लिहेल आहे! लाइन तपासल्याबिगर चढले म्हणे.”

“साजिदचा?”

“हो ना! मेला तो माणूस, आता चूकही त्याचीच. तुमी सही केली की नवऱ्याच्या जागी मिस्बाहकाकूले नोकरी भेटाचा अर्ज गेला समजा. दोन लेकरं आहेत त्यायले. काही लाज आहे का तुमच्या साहेबाले?”

देवमनने कागद घेतला. त्याचे शांतपणे चार तुकडे केले.

“वही आण. मराठीत लिही. चूक माही आहे, साजिदची नाही.”

नीलमचे डोळे भरून आले. आपला बाप असा आहे, याचा तिला मोठा अभिमान वाटला. तिनं ठळक अक्षरात वाक्य लिहिलं आणि पेन थांबवलं.

“कारण लिहा लागते, बाबा. सत्तावीस वर्षांत तुमचा हात कधी चुकला नाही. त्या वक्ती लक्ष कुठं होतं तुमचं?”

देवमनने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. बुद्धाच्या तसबिरीखाली नीलमच्या परीक्षेच्या फॉर्मची छापील प्रत टाचलेली होती. प्राध्यापक व्हायची शेवटची संधी म्हणून तिनं तो भरला होता.

“लिही, दारू पेऊन होतो.”

“बाबा!”

पेन खाली पडलं. रोज सकाळी पंचशील म्हणणारा, उभ्या जन्मात दारूला न शिवलेला हा माणूस.

“खोटं कावून सांगून राहिले तुमी? नोकरी जाईन! लोकं तोंडावर थुंकतीन!”

“थुंकू दे. लिही म्हणतो ना.”

अपघात किती वाजता झाला, हे त्यानं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. विचारलं तरी सांगणार नव्हता. नीलमने डोळे पुसत, ओठ दाबून ते खोटं वाक्य लिहिलं. देवमनने त्याखाली सही केली.

नऊ दिवस त्याच्या एका कानात साजिद विचारत होता आणि दुसऱ्या कानाला लावलेल्या मोबाइलवर नीलम घाई करत होती, “बाबा, ओटीपी सांगा ना लवकर, फॉर्मचा टाइम संपून राहिला!”